मोडीतून घडलेली लेखणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी आम्हांस समाजाच्या इतिहासावर चार पाने लिहून देण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही संशोधक नव्हे. जुनी अकरावी मॅट्रिक होऊन जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांची शुद्धलेखने तपासण्यात आमची उमेदीची वर्षे गेली. तथापि आज्ञा मोडवेना, म्हणून मागील काही अंक चाळून पाहिले. त्यांत कुळे आहेत, गोत्रे आहेत, मूळ गावांच्या याद्या आहेत, उपवर मुलामुलींचे तक्ते आहेत, दिवंगत मान्यवरांची छायाचित्रे आहेत. मात्र ज्या हत्यारांवर आपल्या तांबट-कासार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले, त्यांविषयी एक पानही आम्हांस आढळले नाही. हातोडीला गोत्र नसते म्हणून तिचा इतिहास लिहावयाचा नाही की काय, असा प्रश्न मनात आला आणि विषय तेथेच ठरला.

हा मजकूर आम्ही ज्या पेनाने लिहीत आहो, तेच या लेखाचा विषय होय. भाषाशुद्धीचे अभिमानी ज्याला 'झरणी' म्हणत, त्या जातीचे हे शाईचे पेन आहे. अंग अ‍ॅल्युमिनियमचे, जाडी पाच सुती, वजन अडीच तोळ्यांच्या आसपास. त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. आमच्या थोरल्या चुलत्यांनी, ज्यांस सारी गल्ली 'तात्या' म्हणे, ते तुळजापुरास घरच्या पडवीत लेथवर कातून काढले; आणि ज्या धातूपासून काढले तो धातू मोडीचा होता.

'मोड' हा शब्द नव्या पिढीस कदाचित समजावून सांगावा लागेल. फुटके, चेपलेले, कामातून गेलेले भांडे वजनावर घालून त्याच्या बदल्यात नवे भांडे नेण्याची चाल आपल्या दुकानांत होती. ते जुने भांडे म्हणजे मोड. तांब्यापितळेची मोड आपल्या घरी सोन्यासारखी जपली जाई, कारण तीच पुन्हा वितळून, ठोकून नवी होत असे. अ‍ॅल्युमिनियमच्या मोडीस मात्र कोणी हात लावीत नसे. त्याचे कारण थोडे मागे जाऊन सांगितले पाहिजे.

आपल्या मराठवाड्यात या धातूस कोणी अ‍ॅल्युमिनियम म्हणत नाही, 'जर्मन' म्हणतात. 'जर्मन सिल्व्हर' म्हणून एक निराळाच मिश्रधातू आहे, त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते. त्याचे नाव बहुधा पांढऱ्या रंगाच्या साम्यामुळे या धातूस चिकटले असावे. जमिनीत हा धातू विपुल, पण मातीतून वेगळा करणे कठीण. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याचा भाव एवढा चढा होता की फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन आपल्या खास पाहुण्यांपुढे सोन्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमचे काटेचमचे मांडीत असे, असे सांगतात. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांस ठाऊक नसता, विजेच्या साहाय्याने हा धातू वेगळा करण्याची एकच रीत शोधून काढली, आणि बादशाही धातू बघता बघता बाजारी झाला. हिंदुस्थानात १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज गृहस्थाने त्याची भांडी करण्यास आरंभ केला. देशी कारागिरांस नवा धंदा मिळावा हा त्यांचा हेतू होता आणि त्याविषयी आम्हांस शंका नाही. १९०३ साली तो व्यवसाय एका कंपनीस विकला गेला. पुढे १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, त्रावणकोर संस्थानातील आलवाय येथे हा धातू आपल्या देशातच निघू लागला.

आपल्या समाजास याचा अर्थ कळावयास फार वेळ लागला नाही. तांब्याचा हंडा म्हणजे पत्रा कापणे, ठोकणे, पुन्हा पुन्हा तापवून मऊ करणे, जोड देणे आणि शेवटी मठारकाम. एकेका टिकल्यास हाताचा हिशेब. जर्मनचे पातेले कारखान्यात दाबयंत्राखाली एका दमात तयार होई. त्याचा भार पितळेच्या एक-तृतीयांशाहूनही कमी, किंमत कमी, आणि मुख्य म्हणजे त्यास कल्हई लागत नाही. म्हणजे तांबटाचे काम गेले, त्याच्या मागोमाग कल्हईवाल्याचेही गेले. आमच्या आजोबांनी जर्मनचे भांडे मरेपर्यंत घराच्या उंबऱ्याआत येऊ दिले नाही. आजी मात्र माहेरच्या लग्नात आहेर आलेले एक जर्मनचे तपेले शेजारणीकडे ठेवून गुपचूप वापरीत असे. असो.

आता तात्यांकडे वळू. आपला जिल्हा तेव्हा उस्मानाबाद या नावाने निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. धाराशिव हे जुने नाव त्यास २०२३ साली अधिकृतपणे परत मिळाले. १९४७-४८ च्या रझाकारी काळात सरहद्दीवरील अनेक कुटुंबे मुलाबाळांसह बार्शी-सोलापूरकडे निघून गेली, त्यांत आमचेही कुटुंब होते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान मुक्त झाले, बाकीची मंडळी परत आली. पण तात्या सोलापुरासच राहिले. तेथील एका गिरणीच्या दुरुस्ती खात्यात त्यांस हेल्परचे काम मिळाले होते, आणि त्या खात्यात लेथ होते.

लेथ म्हणजे काही अपूर्व वस्तू नव्हे. आपल्याकडील कातारी पूर्वापार लाकूड फिरवून पाळण्याचे खूर आणि लाटणी कातीत आले आहेत. फरक एवढाच की कातारी हत्यार हाताने धरतो, आणि लोखंडी लेथवर ते सरकत्या घोडीवर आवळलेले असते. शिवाय आटे पाडावयाचे तर फिरत्या वस्तूच्या चालीशी हत्याराची चाल दातेरी चाकांनी जखडलेली असते. ही युक्ती इंग्लंडात हेन्री मॉडस्ले याने १८०० सालाच्या सुमारास पक्क्या रूपात आणली, आणि म्हणूनच एकाच मापाचे आटे पुन्हा पुन्हा अचूक पाडता येऊ लागले. आपल्याकडे किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहर येथे लेथ करण्याचा कारखाना काढला. तात्यांच्या वाट्यास आलेले लेथ मात्र हरिहरचेही नव्हते. गिरणीने लिलावात काढलेले, पट्ट्यावर चालणारे, कोणत्या तरी विलायती कारखान्याचे जुने धूड होते. ते त्यांनी सुमारे १९५५ साली बैलगाडीतून तुळजापुरास आणले. पडवीत वीज नव्हती. त्यांनी त्यास शिवणयंत्रासारखा पायटा आणि जड लोखंडी चाक बसविले, आणि घरच्यांची समजूत अशी झाली की थोरला मुलगा वेडा झाला.

पेनाचीच कल्पना त्यांस का सुचली? गिरणीतील एका कारकुनापाशी त्यांनी राजमहेंद्रीचे रत्नम पेन पाहिले होते. या पेनाची हकीकत आपल्या समाजाने ऐकावी अशी आहे. के. व्ही. रत्नम हे राजमहेंद्रीचे सोनारकाम जाणणारे गृहस्थ. महात्माजींच्या स्वदेशीच्या सांगण्यावरून त्यांनी संपूर्ण देशी पेन करण्याचे मनावर घेतले आणि १९३२ च्या सुमारास आपला व्यवसाय उभा केला. अंग एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराचे, हाताने कातलेले. निब सोन्याची, सोनारानेच घडविलेली. पहिले पेन त्यातील एक परदेशी भाग दिसल्यामुळे महात्माजींनी स्वीकारले नाही, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्या हस्ते रत्नम यांचे पेन महात्माजींकडे पोचले. १६ जुलै १९३५ रोजी त्यांनी रत्नम यांस पत्र धाडून कळविले की, पेन वापरून पाहिले, बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांस ते चांगला पर्याय वाटते. हे पत्र वर्ध्याहून गेले, म्हणजे आजच्या महाराष्ट्रातून. आणि भूगोलाच्या मास्तराने एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही: आपल्या तेरणेचे पाणी मांजरेस मिळते, मांजरेचे गोदावरीस, आणि ती गोदावरी राजमहेंद्रीवरूनच समुद्रास जाते.

तात्यांपाशी एबोनाइट नव्हते. सोने तर नव्हतेच. घराच्या मागे टाकून दिलेली जर्मनची मोड तेवढी होती. ज्या धातूने घरचा धंदा बुडविला, त्यालाच मुशीत घालण्याचे त्यांनी ठरविले तेव्हा आजोबा त्यांच्याशी कित्येक दिवस बोलले नाहीत, असे आमच्या वडिलांनी सांगितले.

आम्ही ही क्रिया लहानपणी, १९६३-६४ पासून, पुढ्यात बसून पाहिली आहे, म्हणून तपशिलाने लिहितो. मोड प्रथम उन्हात वाळवावयाची. ओल राहिली तर वितळलेला धातू तडतडून अंगावर उडतो. आणि उडाला नाही तरी ओलाव्यातील वायू धातूत शिरून थंड झाल्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे ठेवतो. मग कोळशाची भट्टी, भाता आणि मूस. येथे तांबटाच्या डोळ्याची फसगत होते. तांबे वितळते १०८५ अंशांवर, आणि त्याआधी लाल, नारिंगी, पिवळे होत ते कारागिरास आपली अवस्था सांगत जाते. जर्मन ६६० अंशांवरच वितळते, आणि तोपर्यंत जसेच्या तसे पांढरे दिसते. ज्यांच्या घराण्यात रंग पाहून आच ओळखण्याची विद्या होती, त्या तात्यांच्या पहिल्या दोन मुशी अति तापून वाया गेल्या. शेवटी ते वाळक्या काडीचे टोक धातूस लावून, ती किती झटपट जळते यावरून अदमास घेऊ लागले.

वर आलेली मळी पळीने काढून धातू लोखंडी नळीच्या उभ्या चिरलेल्या साच्यात ओतावयाचा. थंड होताना तो बराच आकसतो, त्यामुळे सळईच्या माथ्याशी खळगा पडतो. म्हणून साचा उंच ठेवून माथ्याचा दोन बोटे भाग कापून पुन्हा मुशीत टाकीत. नुसत्या भांड्यांचा धातू फार मऊ. तो कातताना हत्यारास चिकटतो आणि पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा होतो. तात्यांनी त्यात मोटारीचा जुना पिस्टन मिसळावयास सुरुवात केली, कारण पिस्टनच्या धातूत सिलिकॉन असते व तो कठीण असतो. कातताना वर रॉकेलचे थेंब. त्या रॉकेलचा आणि तापलेल्या किसाचा मिळून जो वास येई, तो आजही कोठे आला तर आम्ही थबकतो.

सहा सुती सळई कातून पाच सुती करावयाची, आतून पोकळ करावयाची, टोपण आणि अंग यांस आटे पाडावयाचे. आटे बारीक आणि एकेरी. त्यामुळे टोपण निघावयास सात-आठ फेरे लागत. आमच्या वर्गातील एक खट्याळ मुलगा म्हणे की या पेनाचे टोपण निघेपर्यंत गुरुजींचे श्रुतलेखन संपते. आमचे टोपण निघावयास आजही तेवढेच फेरे लागतात. निब बाजारची पोलादी, सोलापूरहून किंवा हैदराबादेहून आणलेली. निबेखालची जीभ, जिच्यावरून शाई उतरते, ती मात्र तुटक्या एबोनाइटच्या पेनातून किंवा तुकड्यातून घरीच कापीत. जिभेची चीर केसाएवढी रुंद झाली तर पेन कागदावर ओकते, आणि अरुंद झाली तर अडखळते; चार जिभांतून एक जमे.

पहिली दहा-बारा पेने दिसावयास सुरेख झाली आणि पंधरा दिवसांत परत आली. ठिपक्यांची निळी-काळी शाई लोहयुक्त व आंबट असते. जर्मनच्या नळीत ती भरल्यावर तिने धातू खाल्ला, आत पांढरट चिखल झाला आणि निबा तुंबल्या. गिऱ्हाईक पैसे परत मागू लागले. तात्या आठवडाभर लेथला शिवले नाहीत. त्यांस मार्ग दाखविला तो आजोबांनी, आणि तोही टोमणा म्हणून. ते म्हणाले, "तांब्याच्या भांड्यात ताक कळकते म्हणून आपण कल्हई लावतो. तुझ्या भांड्यास कल्हई कुठे आहे?" तात्यांनी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून नळीच्या आत फिरविली, वाळविली, पुन्हा फिरविली, अशी तीन पुटे दिली. शाई धातूपर्यंत पोचेनाशी झाली. बाप-लेकांचे बोलणे त्या दिवसापासून सुरू झाले.

यानंतर नवरात्राच्या यात्रेत तात्यांची पेने खपू लागली. गिऱ्हाइकाचे नाव ते तेथल्या तेथे छिन्नीने पेनावर कोरून देत. आपल्या भाषेत 'टाक' म्हणजे लिहिण्याची लेखणी, आणि 'टाक' म्हणजे देव्हाऱ्यातील ठोकीव पत्र्यावरचा देवही. तुळजापुरात दुसऱ्या टाकांचे कारागीर पूर्वीपासून होते. पहिल्या टाकाचा कारागीर एकच, म्हणून मंडळी त्यांस थट्टेने 'टाकवाले' म्हणत. शाई बहुधा दांडेकरांच्या कॅम्लिनची. या मराठी घराण्याने १९३१ साली मुंबईस शाईची पूड आणि गोळ्या करून धंदा सुरू केला होता, आणि आमच्या शाळेत घोडा छाप शाई कोणास ठाऊक नाही असे नव्हते.

आमच्या मनास एक गोष्ट कायम टोचत आली आहे. रत्नम यांनी आपल्या पेनावर आपले नाव घातले. तात्यांनी आयुष्यभर शेकडो पेनांवर नावे कोरली, ती सर्व गिऱ्हाइकांची. स्वतःचे एकदाही नाही. आपल्या तांबटांनी हंड्यांवर देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव घालून दिले, त्याच वळणाने हे झाले. त्यामुळे आज जिल्ह्यात कोणाच्या पेटीत ते पेन असले तरी ते कोणाच्या हातचे, हे कळावयास मार्ग नाही.

धंदा बसला त्याची कथा लांबविण्याचे कारण नाही. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या एका दुकानात रेनॉल्ड्स नावाच्या गृहस्थाने बॉल पेन विकावयास काढले, साडेबारा डॉलरला एक, आणि त्याचे अंग अ‍ॅल्युमिनियमचेच होते. ती लाट आपल्याकडे पोचावयास वीस-पंचवीस वर्षे लागली. आमच्या शाळेत बॉल पेनाने लिहिलेला पेपर गुरुजी हातात घेत नसत. आम्ही स्वतः गुरुजी झालो तोवर शाईचे पेन आणणारा मुलगाच विरळा झाला होता. प्लॅस्टिकच्या पेनाशी किमतीत कोणाचे लेथ टिकणार?

त्यातच १९७२ चा दुष्काळ आला. त्या वर्षी आमच्या दारात मोडीचा ढीग लागला, पण ती जर्मनची मोड नव्हती. गावोगावचे लोक ज्वारीसाठी तांब्याचे हंडे, पितळेच्या घागरी, लग्नातल्या पराती वजनावर घालीत होते. त्यांतील एका हंड्यावर आजोबांचे मठारकाम होते. वडिलांनी तो ओळखला आणि बाजूस ठेवला, पण महिन्याभरात घरखर्चासाठी तोही व्यापाऱ्याच्या गाडीवर चढला. ते हंडे पुढे कोठे गेले, कोणत्या भट्टीत गेले, हे कोणी लिहून ठेवले नाही. त्या सालापासून तात्यांनी लेथवर पेने करणे जवळपास सोडले व इंजिनांची, मोटारींची किरकोळ कामे घेऊ लागले.

आमच्यापाशी असलेले पेन त्यानंतरचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र नुकतीच सरत असता, भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातील सास्तूर ही नावे त्या दिवशी जगास कळली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची माळवदे. झोपलेली माणसे त्याखाली गेली. आम्ही तेव्हा त्याच भागातील एका शाळेवर होतो. आमच्या वर्गाच्या हजेरीपटाविषयी आम्ही येथे लिहू इच्छित नाही.

काही आठवड्यांनी ढिगाऱ्यांतून निघालेली भांडी भंगारवाले वजनावर नेऊ लागले. घरात पुन्हा ती मांडावयास कोणाचे मन होईना. आमच्या एका विद्यार्थ्याची आजी मात्र एक जर्मनचे तपेले घेऊन शाळेच्या पत्र्याच्या शेडपाशी आली. ते पापडासारखे चपटे झाले होते. घरातील तिघे गेले होते, नातू उरला होता. ती म्हणाली, "मास्तर, तुमची जात भांड्याची. याचं काही करता येतं का बघा. वजनावर घालवत नाही."

आम्ही ते तुळजापुरास नेले. तात्या तेव्हा पासष्टीच्या पुढे होते आणि गुडघ्यांमुळे पायटा चालवू शकत नव्हते. लेथला तोवर मोटार बसली होती. त्यांनी काही विचारले नाही. तपेले नीट पुसले, वाळविले, आणि नेहमीप्रमाणे पिस्टनचा तुकडा शोधावयास उठले, मग पुन्हा खाली बसून म्हणाले, "नको. यात दुसरं काही मिसळायचं नाही." मऊ धातू हत्यारास चिकटत होता. दोन दिवस ते रॉकेल घालून, अगदी बारीक काप घेत बसले. त्या तपेल्याची दोन पेने झाली. एकावर त्यांनी नातवाचे नाव कोरले, ते आम्ही त्यास नेऊन दिले. दुसऱ्यावर काहीच कोरले नाही व ते आमच्या हाती ठेवले. मऊ धातूमुळे त्यावर चरे फार आहेत. वापरणाऱ्याच्या हाताबरोबर ते झिजतही आहे.

तात्या १९९८ साली वारले. लेथ त्यांच्या मुलाने विकले. ते आज जिल्ह्यातच एका पंप दुरुस्तीच्या दुकानात बोअरच्या मोटारींचे दांडे कातीत आहे, आणि पायटा बसविल्याची भोके त्याच्या पायांत अजून दिसतात. दुकानदार आपल्या समाजाचा नाही, पण आम्ही गेलो की चहा पाजतो व लेथ बंद करून बघू देतो.

गेल्या उन्हाळ्यापासून या पेनातून शाई पुन्हा पांढरट येऊ लागली आहे. आतील लाख दोन ठिकाणी उडाली आहे असे दिसते. चांगला चपडा आम्हांस तुळजापूर-धाराशिवच्या बाजारात मिळाला नाही. ज्ञातिबांधवांपैकी कोणाच्या घरी जुना साठा असल्यास वार्षिक सभेस येताना सोबत आणावा. आणि कोणाच्या पेटीत यात्रेत घेतलेले, नाव कोरलेले, जर्मनचे जाड पेन पडून असल्यास तेही आणावे. टोपणाचे फेरे मोजले की ते तात्यांचे आहे की नाही, हे आम्ही सांगू शकू.